आधी तोंड शोधायचं, मग डोळे

आई, मी निवृत्त झाले आणि लेकीनं मला एका ग्रुपमध्ये घातलं. आता फोन मुठीत मावतो आणि त्यातच कॅमेरा असतो, एवढं तू समजून घे. बेळगावातली हौशी माणसं आहेत, बहुतेक माझ्यासारखीच हाताशी वेळ असलेली. दर रविवारी एक विषय येतो आणि आठवडाभरात त्यावर एक फोटो काढून टाकायचा. विषय अगदी साधे. काहीतरी गोल, काहीतरी लाल, पायातलं, सावली. विकत काही आणायचं नाही, लांब जायचं नाही, रोजच्या वस्तूंतच गंमत शोधायची, असा त्यांचा नियम. मी सकाळी लष्कराच्या कॅम्पात फिरायला जाते, तिथल्या जुन्या शाळेच्या फाटकाची सावली काढली, एका बंगल्याबाहेर वाळत घातलेली लष्करी मोज्यांची ओळ काढली. मला बरं वाटत होतं. शाळेत एवढी वर्षं विज्ञान शिकवलं, पण नुसतं गंमत म्हणून कशाकडं बघायचं हे मी विसरलेच होते. मग एका रविवारी विषय आला, घरातले चेहरे. खाली समजावून सांगितलं होतं की आपल्या घरातल्या कितीतरी वस्तूंना डोळे आणि तोंड असल्यासारखं दिसतं, असा एखादा चेहरा शोधा. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. गॅसवरचा चहा उतू गेला तरी जाग्यावरून हलले नाही.

तुला सांगते, मी माझ्या संसारात पत्र्याची ट्रंक कधी येऊ दिली नाही. आमच्या कपाटाला दोन गोल मुठी आहेत, त्यातल्या एकीवर मी कायम एक कापडी पिशवी अडकवून ठेवते. यांना वाटतं ती माझी सवय. दोन्ही मुठी एकदम दिसल्या की मला तिथं बसवत नाही, हे मी यांना कधी सांगितलं नाही. तुझ्याबद्दल विचारलं की मी म्हणते, आई आजारी असायची, मी कॉलेजात असताना काविळीनं गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कोगनोळीच्या बाहेर, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आपला मळा. घर मळ्यातच, आजूबाजूला ऊस, शेजार असा नाहीच. गळीत हंगाम सुरू झाला की अण्णा संकेश्वरच्या बाजूला साखर कारखान्यावर राहायला जात आणि आठवड्यातून एखादा दिवस बसनं येत. बाकीचे दिवस तू आणि मी. ऊन उतरायच्या आत आपलं जेवण आटपायचं, आणि मग झोप येईपर्यंत ती लांबच लांब संध्याकाळ. तेव्हा तू खेळ मांडायचीस. ‘कोण कसं हाय, सांग.’ मी घरभर बघायची. घागर फुगून बसलेली असायची. कुलूप लांबट तोंडाचं, कायम काहीतरी हरवल्यासारखं. भाकरीवर दोन डाग आणि एक चीर पडली की तू ती माझ्या ताटात टाकत म्हणायचीस, ‘ही बघ, नाक मुरडून बसलीया. खाऊन टाक, मग हसल.’ खोलीच्या कोपऱ्यात तुझ्या लग्नातली ट्रंक होती, वर दोन कड्या आणि खाली कुलपाची पट्टी. तिचं तोंड आवळलेलं. तिला आपण दोघी मिळून हसवायचो. तिच्यापुढं बसून मी वेडीवाकडी तोंडं करायची, मलाच हसू फुटायचं, आणि तू म्हणायचीस, हसली बघ.

तू मला ते शिकवलंस, अगदी पद्धतशीर. खाली बस म्हणायचीस, उभ्यानं काही दिसत नाही, त्यांच्या उंचीला यायला लागतं. कौलातल्या काचेतून ऊन तिरकं आत येतं तेव्हाच बघायचं, डोक्यावर ऊन असलं की सगळी एकसारखी दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘डोळं हुडकू नगंस. डोळं कुठंबी घावत्यात. आधी तोंड हुडिक.’ सुट्टीच्या दिवशी आपण रस्त्याकडंच्या बांधावर जाऊन बसायचो. तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असायची, आणि तू एकेक ट्रकाचा स्वभाव सांगायचीस. हा भांडून आलाय, ही मागची दमलीया, त्या पल्याडच्याला कुणीतरी रागं भरलंय. मला ते सगळे ओळखीचे वाटायला लागले होते. माझ्याशी तू मराठीत बोलायचीस आणि वस्तूंशी कन्नडात. चूल फुंकताना, भांडी लावताना मधूनच ‘सुम्म कूड’ म्हणायचीस, गप्प बस. मला वाटायचं, खेळातलंच आहे.

एक दिवस मी शाळेतून येते आहे. चौथी-पाचवीत असेन. लांबूनच दिसतं की तू उंबऱ्याबाहेर भर उन्हात बसली आहेस, डोक्यावर पदर नाही. जवळ आल्यावर तू मला हात आडवा करून थांबवतेस. ‘आत जाऊ नगंस. आज सगळी आत हाईत.’ मला आनंद होतो, कारण मला वाटतं तू काहीतरी नवीन मांडलं आहेस. मी हाताखालून पळत आत जाते. ट्रंकेचं तोंड भिंतीकडं फिरवलेलं आहे. मांडणीवरची भांडी सगळी पालथी. घड्याळावर अण्णांचा टॉवेल, कुलपाला फडकं गुंडाळलेलं. सगळं घर डोळे मिटून बसल्यासारखं, आणि मला इतकं हसू येतं की मी जमिनीवर बसते. बाहेर येऊन सांगते, कुणी न्हाय आत. तू माझं तोंड दोन्ही हातांत धरून विचारतेस, ‘हसलीस न्हवं?’ मी म्हणते, व्हय. ‘जोरात?’ व्हय. मग तू उठतेस, पदर घेतेस, आत येतेस आणि भाकऱ्या थापायला बसतेस. त्या दिवशी थापताना भाकरी दोनदा फाटली.

नंतरचं मला तुटक आठवतं. पुढच्या एका हंगामात अण्णा अचानक आले तेव्हा तू ट्रंक बाहेर उसात नेऊन टाकली होतीस. अण्णांनी तुला मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तू दुपारची झोपायला लागलीस, तुझं वजन वाढलं, आणि खेळ बंद झाला. मी एकदा आठवण काढली तर तू म्हणालीस, आता मला काय दिसत न्हाय गं. त्या गोळ्यांनी तुला बरं वाटलं असावं, अण्णांनाही वाटलं असावं. मी आठवीला बेळगावात आले, मुलींच्या वसतिगृहात राहिले, आणि सुट्टीला यायची तेव्हा तू प्रत्येक वेळी थोडी आणखी लांब गेलेली असायचीस.

तर त्या आठवड्यात मी काहीच पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. पण एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला, आणि घरात ती आपल्या मळ्यातल्यासारखी शांतता आली. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात फरशीवर बसले. गुडघे दुखतात आता, तरी बसले. आधी काहीच दिसेना. ओटा, शेगडी, मिक्सर, पाण्याचं पिंप, सगळं आपापल्या जागी नुसतं वस्तू होऊन राहिलेलं. मग मी डोळे शोधणं सोडलं. शेगडीच्या खालच्या कडेची वाकलेली पट्टी दिसली, ते तोंड झालं, आणि त्यावरच्या दोन गोल बटणांनी माझ्याकडं बघितलं. एका बटणाखाली सकाळच्या दुधाचा ओघळ सुकलेला. रडत होती. मी फोटो काढला. मग मिक्सर दिसला, मग पिंपाची तोटी, मग खिडकीचे दोन बोल्ट, सगळे एकदम, एकमेकांना सांगून आल्यासारखे. माझ्या पाठीमागून तू म्हणालीस, कोण कसं हाय, सांग. तुझा आवाज मला इतक्या वर्षांत आठवला नव्हता. मी एकटी त्या फरशीवर मोठ्यानं हसले, आणि हसल्यावर मला भीती वाटली.

रडकी शेगडी सगळ्यांना फार आवडली. ग्रुप चालवणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांनी मला सांगितलं, बाकीच्यांना असे चेहरे सापडत नाहीत, तुम्ही कसं शोधता ते जरा लिहा. मी लिहिलं. खाली बसा. तिरक्या उन्हात बघा. वस्तू मुद्दाम मांडू नका, ती आपला मूड आपणच दाखवते, थोडं थांबा. आधी तोंड शोधायचं, मग डोळे. सगळं तुझं, शब्द तेवढे माझे. लोकांनी धन्यवाद दिले, आणि पुढचा विषय ठेवला रस्त्यावरचे चेहरे. मी बाजारात गेले, बसस्टँडवर गेले. स्कूटर, टपऱ्यांची झापं, नळाची टाकी, जिथं बघेन तिथं. विज्ञानाच्या तासाला मी पोरांना सांगायची की दोन ठिपके आणि एक रेघ दिसली की मेंदू आपोआप चेहरा करतो, तान्ह्या मुलाचाही करतो, त्यात नवल काही नाही. फळ्यावर काढूनही दाखवायची.

पण मला ते थांबवता येईना. विषय बदलला, नवीन रविवारी पिवळं काहीतरी आलं, तरी मला चेहरेच दिसत राहिले. एका सकाळी हे पेपर वाचता वाचता आत आले आणि म्हणाले, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, कुणाशी नाही. पण मी बोलले होते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो जसा थरथरतो तसा थरथरत होता, आणि मी त्याला म्हणाले होते, सुम्म कूड. त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. ती पुण्याला असते. माझे फोटो बघून ती खूश होती. सहज म्हणाली, ‘आई, तुला हे सगळीकडे कसं दिसतं गं?’ आणि हसली. मी काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. कपाटाकडं गेले आणि दुसऱ्या मुठीवरही एक पिशवी अडकवली.

दुसऱ्या दिवशी निपाणीला मावशीकडं गेले. तुझ्या माहेरची आता तीच उरली आहे. ऐकू कमी येतं, पण बाकी चांगली आहे. सोप्यात बसून सुपात मिरच्यांची देठं काढत होती, गल्लीत शेजारच्या गोदामातल्या तंबाखूचा वास. मी तिला उगीच, कसं विचारावं हे न कळून, फोनमधले फोटो दाखवले. शेगडी बघितली, मिक्सर बघितला, तिसऱ्या फोटोला तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि सुपात मिरच्यांवर पालथा घातला. मग म्हणाली, ‘हे कुणी काढाय सांगितलं तुला?’ मी सांगितलं, खेळ आहे, विषय देतात. ‘तुला भ्या वाटतंय का ह्यांचं?’ मी म्हटलं, ह्यांचं नाही. माझंच वाटतंय.

मग ती सांगायला लागली. तू लहानपणापासून तशीच होतीस. चूल पेटवायला नको म्हणायचीस, जात्यापुढं बसायला नको म्हणायचीस, ती बघतात म्हणून ओरडायचीस. मार खाल्लास, नवस झाले, मग घरातल्यांनी विषयच बंद केला आणि लांबचं स्थळ बघून तुझं लग्न लावून दिलं. अण्णांना कुणी काही सांगितलं नाही. मळ्यातल्या घरात तू पहिली वर्षं कशी काढलीस ते तुलाच माहीत. मी झाल्यावर मावशी महिनाभर आपल्याकडं राहायला आली होती. मी पाळण्यात होते, समोर कंदील टांगलेला, आणि मी कंदिलाकडं बघून हसले. मावशी म्हणाली, ‘ती पळत माझ्याकडं आली. म्हणाली, आक्का, पोर हसली आन् त्यो गप झाला. पोर हसली की ती गप हुत्यात.’ तेवढं सांगून मावशी पुन्हा देठं काढायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘तवापास्नं ती तुला हसवत हुती. आमाला वाटायचं, लई हौशी आई हाय.’

आई, मी एवढी वर्षं उलटं समजत होते. मला वाटायचं की एक चांगला खेळ होता, आणि मग तुला आजार झाला आणि आजारानं तो खेळ खाल्ला. आजार आधीपासून होता. त्या सगळ्यांच्या मधोमध तू एका तान्ह्या पोरीला बसवलंस आणि तिला त्यांचं भय वाटणार नाही अशी तजवीज केलीस. मला त्यांची नावं, रुसवे, स्वभाव सांगितलेस, खाली बसून त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायला शिकवलंस. तू माझ्या शेजारी बसून रोज त्यांच्याकडं बघत होतीस आणि तुझा आवाज कधी बदलला नाही. आणि मी बेळगावला आले तेव्हा घरातलं हसणं माझ्याबरोबर निघून आलं. सुट्टी संपून मी बसमध्ये चढायची तेव्हा तू खिडकीशी येऊन म्हणायचीस, जरा हस की गं. मला वाटायचं, सगळ्याच आया तसं म्हणतात. शेवटच्या वेळी तू पिवळीजर्द होऊन खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली होतीस. मी आल्याचं कळल्यावर वळलीस आणि तेच म्हणालीस. तुझी ती दशा बघून मला रडू आलं. तू माझ्याकडं थोडा वेळ बघितलंस आणि पुन्हा भिंतीकडं वळलीस.

मावशीकडून निघाले ती घराकडची बस न धरता उलट्या दिशेनं कोगनोळीला गेले. आपला मळा ओळखू येत नाही. रस्ता रुंद झाला, घर होतं तिथं बहुधा आता जोडरस्ता आहे, शेजारी एक मोठं हॉटेल. ट्रक मात्र उभे होते. मी कडेला थांबून त्यांच्याकडं बघत राहिले आणि हसायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण तोंडातून आवाज निघेना. एक ड्रायव्हर खाली उतरून आला. त्याला वाटलं, म्हातारीची बस चुकली. कन्नडात विचारलं, कुठं जायचंय. मी माझ्या मोडक्या कन्नडात त्याला सांगितलं की तुझ्या गाडीचा फोटो काढू का, तिचं तोंड फार शहाण्या माणसासारखं दिसतंय. तो मागं सरकला, कमरेवर हात ठेवून आपल्या गाडीकडं बघत राहिला आणि एकदम हसायला लागला, पोट धरून. आपल्या क्लीनरला बोलावून त्यालाही दाखवलं. दोघं हसत होते. मी फोटो काढला नाही. तो आवाज होता तोपर्यंत तिथं उभी राहिले.

लेकीला मी सगळं सांगितलं. फोनवर नाही, ती आली तेव्हा समोर बसवून. तिनं तुला हे कोणत्या वयापासून होतं ते विचारलं, गोळ्यांबद्दल विचारलं, आणि म्हणाली, आपण एकदा डॉक्टरांना विचारून येऊ, उगीच मनात नको. आम्ही गेलो. डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी विचारलं, या वस्तू तुमच्याशी बोलतात का, तुम्हाला काही करायला सांगतात का. मी म्हटलं, नाही, मीच त्यांच्याशी बोलते. ते म्हणाले, ते पुष्कळ लोक करतात, तुम्हाला जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं, तुम्ही बघायला शिकला आहात एवढंच. लेकीनं माझा हात धरला. घरी आल्यावर तिनं कपाटावरच्या दोन्ही पिशव्या काढल्या आणि मी काढू दिल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या तळाशी थोडं वाईटही वाटलं. तुला जे दिसत होतं ते मला कधीच दिसलं नाही. तू तिथं एकटीच होतीस आणि मी तुझ्या शेजारी बसूनही तिथं नव्हते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे उघडच आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली. तुझी शाळा चिकोडीकडची, जेवढी झाली तेवढी कन्नडात. मराठी तू कानानं उचललीस, वाचायला कधी शिकली नाहीस. अण्णांची कारखान्यावरून आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायची. मला कन्नड येतं ते पाट्यांपुरतं आणि बाजारापुरतं. सगळं आयुष्य इथं गेलं, शिकता आलं असतं, शिकले नाही. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडलं असतं तरी ते मलाच तुझ्यापुढं बसून वाचावं लागलं असतं, आणि तुझ्या तोंडाकडं बघत मला यातली एक ओळ वाचता आली नसती. हे मला लिहायला बसले तेव्हापासून माहीत होतं. म्हणून तर लिहिता आलं.